राणीबाईचं सुतक

काका, मी तुला 'तू'च म्हणतो. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच सुट्टीत घरी येऊन मी "काका, तुम्ही जेवलात का?" असं विचारलं, तेव्हा कुणी पाहुणा आलाय की काय म्हणून तू मागे वळून पाहिलंस. मग म्हणालास, "गोंद्या, मी काय मामलेदार हाय? नीट बोल." तेव्हापासून मी नीट बोलतो.

तुझं तेरावं काल झालं. उद्या मला खोपोलीहून गाडी धरायची आहे. काकी आत भांडी घासते आहे आणि मधेच "अवं" म्हणून हाक मारते, मग गप्प होते, मग भांडी जरा जोरात घासते. मला तिच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून तुझ्याशी बोलतो. लिहिण्यात एक सोय आहे, तुला मधे बोलता येणार नाही. तू हयातभर कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस.

आपला वाद राणीबाईवरून होता. त्या वादात माझ्या बहिणीचं, द्वारकेचं लग्न मोडता मोडता राहिलं आणि वाद तसाच राहिला.

माघात मी तिच्या लग्नासाठी घरी येत होतो. कर्जतला गाडी बदलताना कळलं की विलायतेत राणीबाई वारल्या. मास्तरांनी निशाण अर्ध्यावर आणलं होतं आणि चार हमाल त्याच्याकडे माना वर करून उभे होते. मला त्यात फारसं काही वाटलं नाही. म्हणजे थोडं वाईट वाटलं असावं, पण नक्की सांगता येत नाही. घरी पोचलो तेव्हा तू ओटीवर मांडवाच्या मेढी तासत बसला होतास. पायांवर पाणी घेता घेता मी म्हटलं, "काका, राणी वारली."

तुझा कोयता थांबला. "आपली?"

"विलायतेची."

"तीच आपली," म्हणालास आणि उठलास. आडावर गेलास, पोहरा ओढलास आणि धोतर, बंडी, मुंडासं, सगळ्यांसकट डोक्यावर पाणी ओतायला लागलास. काकी राखेचे हात घेऊन धावत आली.

"अवं, पेटलं काय?"

"पेटलं नाय. आय गेली."

दूरच्या गावी घरचं माणूस गेल्याची बातमी आली की अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करायची, ही रीत मला ठाऊक होती. ती कुणी राणीसाठी करील असं मात्र वाटलं नव्हतं. मी हसलो. तू हसला नाहीस. दिवस मावळायच्या आत न्हाव्याला बोलावून तू डोकं उतरवलंस, आणि मिशीही. ती मिशी खालापूरच्या बाजारात आधी पोचायची आणि तू मागून. काकीनं भादरलेल्या केसांकडे पाहिलं, मग तुझ्या तोंडाकडे, आणि पदर डोळ्यांना लावला. राणीसाठी नव्हे, मिशीसाठी.

मग तू घोंगडी अंथरून ओटीच्या कोपऱ्यात बसलास आणि जाहीर केलंस, "धा दिस सुतक."

तेव्हा मात्र माझं हसू गेलं. द्वारकेचा मुहूर्त त्या दहा दिवसांच्या आतला होता. आमचे आईबाप लहानपणीच गेले, तुला पोटचं मूल नाही, आम्हा दोघांना तू आणि काकीनं वाढवलं. घरचा कर्ता तू, कन्यादान तू करायचं. सोयरे मोहोपाड्याचे, माणसं चांगली पण काटेकोर. सुतकातल्या हातचं कन्यादान त्यांनी घेतलं नसतं आणि ते पुढच्या मुहूर्तापर्यंत थांबलेही नसते. मुलाला दुसरीकडून सांगून आलेलं होतं. देवक बसलं असतं तर सुतक आडवं आलं नसतं, पण देवक अजून बसायचं होतं. द्वारका आत बसून हळद कांडत राहिली. हळद कधीच बारीक झालेली होती.

सकाळी गाव दुखवट्याला आलं. कोण गेलं हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण पलटणीतून आलेल्या हवालदारानं मिशी काढली म्हणजे कुणीतरी मोठं गेलं असणार. पलीकडची भागीआजी तुझ्यासमोर बसली आणि रीतीप्रमाणे तिनं विचारलं, "आजारी व्हती का?"

"म्हातारपन."

"पोरं जवळ व्हती ना?"

"असतील. लई पोरं."

"आन नवरा?"

"तो कवाच गेला. बाईनं एकटीनं रेटलं सगळं."

भागीआजी स्वतः तरुणपणी विधवा झालेली. ती खरोखरच रडायला लागली. "लोकांनी लई तरास दिला असंल गं माझे बाई. एकट्या बाईचा बांध समदे कोरतात."

"दिला ना," तू म्हणालास. "म्हणून तर आमाला जावं लागलं."

मला तेव्हा प्रथम कळलं की तू हबसाणातली, समुद्रापारच्या हबशांच्या मुलखातली लढाई कशी समजून होतास. एका विधवेची माणसं परमुलखातल्या राजानं कोंडून ठेवली होती आणि तू शेजारधर्म म्हणून सोडवायला गेला होतास. पलटणीत विचारलं होतं, समुद्रापार कोण येतो? तुझ्या शेजारचा घाटावरचा शिपाई एक पाऊल पुढे गेला. "आता घाटावरचा पुढं गेल्यावर खालापूरकर मागं कसा राहील?" हे कारण तू मला नेहमी सांगायचास, आणि मी नेहमी म्हणायचो की हे कारण होऊ शकत नाही.

विलायत तू पाहिली नव्हतीस. तिच्या वाऱ्यालाही गेला नव्हतास. तरी गावात विलायतेबद्दल विचारायचं तर तुलाच. तिथं चुली नसतात, म्हणून अन्न पत्र्याच्या डब्यांत कोंबून ठेवतात. तिथं ऊन नसतं, म्हणून साहेबाला आपलं ऊन दिसलं की राग येतो. तिथले लोक आपसांत भांडत नाहीत, भांडायचं असलं की बोटीत बसून दुसऱ्याच्या मुलखात जातात. एकदा मी नकाशा आणून तुला ती दाखवली. तू बोट ठेवलंस तर सगळी विलायत बोटाखाली गेली.

"येवढीशी?"

"एवढीच."

मला वाटलं, आता तुझा भ्रम उतरेल. तू बराच वेळ बोट उचललं नाहीस. मग म्हणालास, "गरीबाघरची व्हती म्हणजे. येवढ्याशा तुकड्यावर येवढा संसार वाढवला बाईनं." आणि तुला तिची जास्तच कणव आली.

हबसाणाबद्दल मात्र कमी बोलायचास. मुलूख आपल्या डोंगरासारखाच, फक्त कुणीतरी पाणी काढून घेतलेला. बोटीवरचे बंब समुद्राचं पाणी उकळून गोडं करत आणि ते मापून मिळे. सोडवून आणलेले कैदी तुम्हा सोडवणाऱ्यांपेक्षा जाड निघाले, आणि त्यांच्या बोचक्यांना पलटणीची खेचरं पुरेनात. तिथली एक बाई दारात दळत बसली होती, तुम्ही सगळे जाईपर्यंत ती दळायची थांबली नाही. एवढंच.

दुखवट्याची माणसं गेल्यावर मी तुझ्यासमोर बसलो. कॉलेजातल्या सभेत मी देश या विषयावर एकदा बोललो होतो, म्हणजे उभा राहिलो होतो आणि थोडं बोललोही होतो. ते सगळं मला आता उपयोगी पडेल असं वाटलं.

"काका, ज्या देशासाठी तू लढलास तो तू बघितलासुद्धा नाहीस."

"तू सभेत बोलतोस तो तू बघितलायस? मुंबई बघितलीस आन कर्जतचा फलाट."

"पण तो माझा आहे."

"कुणी सांगितलं?"

"ते सांगावं लागत नाही."

"मला सांगावं लागलं," तू म्हणालास. "सायबानं सांगितलं." आणि भिंतीकडे तोंड करून पडलास.

मला राग आला. साहेबानं सांगितल्यावर देश आपला होतो, हे वाक्य मी सभेत वापरायचंही ठरवलं, अर्थात विरुद्ध बाजूनं. मग मी गोपाळभटजींना आणायला गेलो.

भटजी ओटीच्या कडेला टेकले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांना ते आवडलेलं दिसलं. बरेच दिवसांत गावात असा प्रश्न निघाला नव्हता.

"हवालदार, राजा गेला तर प्रजेला सुतक असतं. तुमचं चुकलेलं नाही. पण किती? उजेड असेतो. दिवसा कळलं तर सूर्य मावळला की सुटलं. तुम्हाला काल दिवसा कळलं, काल सांजेला सुटलं. उठा आणि मेढी तासा."

शास्त्रात इतकी चांगली सोय असेल असं मला वाटलं नव्हतं. मी भटजींना मनातल्या मनात नमस्कार केला.

"ते रयतेला," तू म्हणालास. "मी रयत नाय. मी पोरगा हाय."

"कुणाचा?"

"तिचा."

आणि मग तू ते सांगितलंस, जे काकीलाही सांगितलं नव्हतंस. खाली बघून, मेढीची साल नखानं काढत.

"माझी आय गेली तवा मी हबसाणात. चौक गावचा एक खेचरवाला मागच्या बोटीनं आला, त्यानं सांगितलं. आमी डोंगर चढत व्हतो. पाणी पिण्यापुरतं. आंगूळ कशानं करू? सायबाला म्हटलं, आय गेली, मला धा दिस बसायचं हाय. आता तिथं कुठं बसनार? चालत्या पलटणीत? सायेब वाईट नव्हता. त्यानं खांद्यावर हात ठिवला आन बोलला, शिपाई, आजपासून राणी तुझी आय. मी म्हटलं, बरं. आन चालाय लागलो."

आत हळद कांडण्याचा आवाज थांबला होता.

पहिली बोलली काकी. "म्हंजे ती माझी सासू?"

"व्हय."

"आन हे आत्ता सांगता? उभा जन्म सासू नाय म्हणून सुखात काढला, आन ती व्हती!"

"लांब व्हती ना."

"लांब असली म्हणून काय झालं? सणाला सासूच्या नावानं सवाष्ण तरी नसती का घातली?"

"ती विधवा व्हती," तू म्हणालास. काकी त्यावर विचारात पडली.

भटजींनी घसा खाकरला. "म्हणजे दत्तक. साहेबानं राणीतर्फे घेतलं, तुम्ही 'बरं' म्हणालात. होम झाला नाही, पण परमुलखात इलाज नसतो. दत्तकाला आईचं दहा दिवस. बरोबर आहे तुमचं."

मी भटजींकडे असं पाहिलं की त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"पण मग पुढचंही ऐका. दत्तक गेलेला माणूस जन्मघरातून उठतो. ह्या घराचं देवक आता तुमचं नाही, राणीचं ते तुमचं. ह्या घरच्या मुलीचं कन्यादान तुम्हाला करता यायचं नाही. ते गोविंदा करील. आणि तुमचं सुतक ह्या घराला लागत नाही. तुम्ही खुशाल बसा, लग्न होऊ दे."

गाठ सुटली होती. मला आनंद व्हायला हवा होता.

"राणीचं देवक तरी काय?" काकीनं विचारलं.

तू खुंटीवरच्या जुन्या लष्करी कोटाकडे पाहिलंस. तिथल्या बिल्ल्यावर होतं ते. "एका अंगाला सिंव्ह. एका अंगाला एकशिंगी घोडा."

"आपल्यात झाडाची फांदी आणतात," भटजी म्हणाले. "फार तर पंचपालवी. एकशिंगी घोडा मेढीला कसा बांधतात ते मला माहीत नाही."

"आन त्याला घालायचं काय?" काकी म्हणाली.

तेवढ्यात द्वारका दारात आली. हात कोपरापर्यंत पिवळे. लग्नाची मुलगी भटजींसमोर बोलत नाही, पण ती बोलली. "काकानं दिली तरच मी जानार. गोंद्या देनार असंल तर मांडव सोडा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला राग नाय ना आला रं?" मला आला नव्हता. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, कारण कन्यादानात काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं.

तू तिच्याकडे बघत बसलास. "भटजी, मधलं काय नाय? निम्मा हिकडं, निम्मा तिकडं?"

"सुतकात निम्मं नसतं, हवालदार."

"गोंद्या, तुझी बुकं काय म्हनतात?"

काका, मी दोन वर्षं या प्रश्नाची वाट बघत होतो. कुठला मुलूख माणसाचा, जन्माचा की चाकरीचा, यावर मला पुष्कळ सांगायचं होतं. आणि आता तू विचारलंस, तर तुझ्या त्या बिनमिशीच्या तोंडाकडे बघून मला एक वाक्य जुळवता येईना. तुझा वरचा ओठ किती लहान होता, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

"मग शिकतोस काय?" म्हणालास, पण रागानं नाही. मग घोंगडी झटकलीस. "राणीबाईला पोटची पोरं हायत. मोठी हायत, कर्ती हायत. ती बसतील. हिला मी एकलाच हाय."

तू पुन्हा आडावर गेलास, सुतक फेडायला. पोहरा भरून वर आला तरी तू तो काठावर धरून उभा राहिलास. मी मागेच होतो. तू हळूच म्हणालास, "आय, थांब आनखी थोडी." आणि पाणी ओतलंस. कुठल्या आईला म्हणालास ते मी विचारलं नाही.

लग्नात मोहोपाड्याचे व्याही तुझ्यासमोर उभे राहून विचारत होते, "हवालदार कुठं दिसत नायत?" काकीनं बाजू सावरायला सांगितलं, "हे काय! नवस व्हता, म्हणून काढली मिशी." तुला खोटं बोलायला आयुष्यात जमलं नाही.

"नवस नाय," तू म्हणालास. "आय गेली व्हती."

व्याह्यांच्या हातातला विडा तिथंच राहिला. "कवा?"

"लई वरसं झाली."

"आन मिशी आत्ता काढली?"

"आत्ता सवड झाली."

व्याह्यांनी थोडा विचार केला आणि विडा तोंडात घातला. काटेकोर माणसालाही कधीकधी पुढे विचारू नये एवढं कळतं. तू कन्यादान केलंस. भटजी सांगतील ते मोठ्यानं, कवायतीच्या हुकमासारखं म्हणालास. पाणी सोडताना तू द्वारकेकडेच बघत राहिलास आणि निम्मं जावयाच्या धोतरावर गेलं.

लग्नानंतर तू मला खोपोलीला गाडीत बसवायला आलास. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणालास, "गोंद्या, मी गेलो की राणीच्या पोराला कळव. भाऊच की तो." मी हसलो. गाडी हलली तरी तू उत्तरासाठी तसाच उभा होतास, आणि मला ओरडून 'हो' म्हणता आलं असतं. तिथं माणसं होती. मला लाज वाटली.

आश्विनात तुला ताप आला आणि चार दिवसांत तू गेलास. मी पोचलो तेव्हा तुला नेलेलं होतं, नुसतं अंगण उरलं होतं. राणीच्या पोराला मी कळवलेलं नाही, काका. तो आता राजा आहे. कळवलं तर त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करावी लागेल, आणि तिकडची थंडी कसली असते ते तूच सांगायचास. द्वारका मात्र आली. सासरी गेलेल्या पुतणीला तुझं सुतक नाही, असं मोहोपाड्याला कुणीतरी म्हणालं, तेव्हा तिनं म्हणे सांगितलं, "आमच्याकडं सुतक कुणाला लागतं त्याचा नेम नाय." आणि दहा दिवस इथं जमिनीवर निजली.

दहाव्याला आम्ही पाताळगंगेवर गेलो. नदी दोन्ही काठ भरून होती. भटजींनी तुझ्या नावानं पाणी द्यायला सांगितलं, मी दिलं. मग तुझ्या आईचं नाव विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. काकीनं काठावरून ओरडून सांगितलं, "मंजुळा!" तुझ्या आईला मी ओंजळ घातली, मग दुसरी, मग तिसरी, आणि घालतच राहिलो. भटजी म्हणाले, "गोविंदा, तीनच असतात."

"तिला फार उशीर झालाय," मी म्हटलं. त्यांनी मग अडवलं नाही.

शेवटी मी थांबलो, पण पाण्याबाहेर येईना. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं.

"आणखी कुणाला?"

"राणीबाईला घालायचं का?" मी विचारलं. "तिचं गोत्र मला माहीत नाही."

"गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणावं," भटजी म्हणाले. "सोय आहे."

काका, माझं म्हणणं तेच आहे जे माघात होतं. तिनं तुझं नाव कधी ऐकलं नाही. तो मुलूख तुझा नव्हता, आणि हबसाणातल्या त्या दळणाऱ्या बाईनं तुझं काही बिघडवलं नव्हतं. हे सगळं मी पुन्हा मांडीन, आणि या वेळी नीट मांडीन. मी काश्यप म्हटलं आणि एक ओंजळ घातली, त्याचा अर्थ मी तुझं मान्य केलं असा तू घेऊ नकोस. पाणी होतं, म्हणून घातली.